ऐकणारे

केजच्या बाजारात चिंचेखाली बसून पेन्शनीतले एक मास्तर आपल्या आठवणींचं पुस्तक कुठवर आलं ते दर आठवड्याला सांगत. वाक्यागणिक "ऐकताव न्हवं?" विचारत. पुण्याच्या छापखान्यानं होकार कळवला, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना गूळ वाटला. जहागीरदाराच्या वेठबिगारीची हकीकत त्यात घालायला आम्हीच त्यांना भरीस पाडलं होतं.

पुस्तकं आली आणि मागोमाग पोलीस अमीन आला.

"ये किताब किस किसने सुनी बे?"

मास्तरांनी आमच्याकडं पाहिलं. "कुणीच न्हाई, साहेब. मी एकलाच बडबडत असतो."

"सच है क्या?" अमीनानं आम्हाला विचारलं.

आम्ही सगळ्यांनी 'हो' म्हणून माना डोलावल्या, मीसुद्धा. मास्तरांना नेलं. पुस्तकं तिथंच पेटवली. धग लागायला लागली, तसे आम्ही मागं सरकलो.