तोंडपाठ गोष्ट

वाचन चाचणीचा आठवडा आला की माझं डोकं आदल्या दिवसापासूनच ठणकायला लागतं. नाशिक रोडवरून अंबडच्या शाळेत पोचेपर्यंत निम्मा जीव गेलेला असतो. त्यात चौथीतल्या चाळीस पोरांना एकेक करून टेबलाशी बोलवायचं, समोर कार्ड ठेवायचं, आणि पोर अक्षरावर अडलं, शब्दावर अडलं की गोष्टीपर्यंत गेलं, ते मोबाइलवर भरायचं. चार वाजले की मुख्याध्यापक दारात हजर. "बाई, झालं का?"

कार्ड सगळ्यांना एकच. बाकीची पोरं मागे रांगेत उभी.

त्या वर्षी रांगेत शेवटी एक मुलगी होती. सुरगाण्याकडची, आईबाप इथे बांधकामावर. जूनमध्ये आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हती. चाचणीत मात्र घडाघडा वाचायला लागली. मी खूश. तेवढ्यात खिचडीची वही सहीला आली. मी ती टेबलावर उघडली, निम्मं कार्ड झाकलं गेलं, आणि पोरगी त्याखालच्या ओळीही वाचत गेली.

मला कळलं. सही करता करताच कळलं. सकाळपासून तीच गोष्ट तिने रांगेत उभ्या उभ्या ऐकली होती. पुन्हा दुसरं कार्ड शोधायचं, पुन्हा अक्षरांपासून सुरुवात करायची. पावणेचार झाले होते. मी 'गोष्ट' भरलं आणि मोबाइल पिशवीत टाकला. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला नुसतं घरी जायचं होतं.

अडणाऱ्या पोरांना शाळा सुटल्यावर जादा तास असायचा. गोष्टवाल्यांना तो नव्हता. तिसऱ्या दिवशी सगळे बसले, तर ही दप्तर घेऊन दारातच.

"तू जा गं घरी, तुला येतं ना."

ती जागची हलेना. "बाई, माला नाय वाचता ये. पोरी वाचत व्हत्या, तां आयकून पाठ केलां."

एवढीशी पोर, कबूल करून मोकळी झाली. मला ते जमलं नव्हतं. मुख्याध्यापकांकडे गेले, तर म्हणाले, "अहवाल वर गेला बाई, आता उघडत नाही तो. बसवा की तिला, नको कोण म्हणतंय?"

बसवलं. दिवाळीपर्यंत ती अक्षरांशीच झटत होती. कधी मी चिडायचे, कधी बसल्या जागी माझाच डोळा लागायचा. ती मात्र एक दिवस चुकली नाही.

मार्चच्या चाचणीला मी रांग बाहेर ठेवली. कार्ड नवं, गोष्ट नवी. तिने ओळीखाली बोट ठेवलं आणि हळूहळू, घाम पुसत, शेवटच्या शब्दापर्यंत गेली. मला भरून आलं. मी 'गोष्ट' भरलं. मोबाइलने आधीची नोंद आणि आताची नोंद शेजारी शेजारी दाखवली, आणि खाली दोन शब्द.

मी हात आडवा धरायच्या आत तिने वाकून ते वाचले. "बदल नाही."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "माझां कायच नाय झालां, बाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.