पोहण्याच्या तलावातलं लग्नकार्यालय

मुलीसाठी एक स्थळ बघायला आम्ही वरंध घाट उतरून कोकणातल्या एका जिल्ह्याच्या शहरात गेलो. आमच्या भोरकडे मुलाचं घर बघायला मोठी माणसं जातात, मुलगी घरी थांबते. मी तिलाही बरोबर नेलं. पुण्यात ती पोहायला शिकवते. लग्नानंतरही हेच काम करणार, एवढी तिची एकच अट होती.

मुलाचे काका दारातच म्हणाले, "वा! मुलगीच आली का पाहणीला?"

"तर! राहायचं तिला हाय, आमाला न्हाई," माझी बायको म्हणाली. माहेर मार्गासनीचं, कोणाचं उसनं ठेवत नाही.

अटीचं त्यांना आधीच कळवलं होतं. "आमच्या नगरपालिकेचा केवढा तलाव आहे! शिकवू दे की हवं तितकं," असं काकाच फोनवर बोलले होते. चहा झाला आणि ते मुलाला घेऊन आम्हाला शहर दाखवायला निघाले.

दर चौकात त्यांचं एकच वाक्य, "सगळं आहे हो आमच्याकडे." एखादी इमारत दिसली की बांधायला किती लागले आणि चालवायला किती लागतात, हे विचारायची मला खोड आहे. काकांना फक्त पहिला आकडा पाठ होता. नाट्यगृहात कोणाची तरी हळद चालली होती. नव्या मासळी बाजाराचे ओटे इतके उंच की मासळीवाल्या बाहेर रस्त्यावर बसलेल्या, आणि आत मांडववाल्याच्या खुर्च्या रचलेल्या. या शहराची पोरं मुंबईत नाहीतर जहाजावर कमावतात आणि गावी येतात ती लग्नाला. म्हणून लोकांसाठी बांधलेलं जे जे आहे, ते लग्नाला भाड्याने जातं. याला काका विकास म्हणत होते.

मग तलाव आला. निळ्या फरशा, वर झालरी, तळाला लाल गालिचा. पाण्याचा थेंब नाही. खोल बाजूला स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या, आणि त्यांच्या मागे भिंतीवर ठळक अक्षरांत: 'सावधान, खोल पाणी'. ते पुसण्याचेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

"काय बाई, बुडायचीच सोय," बायको पुटपुटली.

मुलीने विचारलं, "काका, पाणी कधी भरतात?"

"भरलं तर बुकिंग कसं घ्यायचं?" काका हसले. "तुमचंही इथेच करू. ओळखीने तारीख धरून ठेवलीय मी."

ती मुलाकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो, म्हणजे... बघू की नंतर," तो म्हणाला. "लग्न झाल्यावर कोण जातंय पोहायला शिकवायला?"

तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग काकांना अगदी शांतपणे म्हणाली, "ती तारीख दुसऱ्या कोणाला तरी द्या."

काकांनी मला बाजूला घेतलं. "अहो, घर चांगलं, मुलगा चांगला, आणि एवढ्याशा पाण्यावरून? तुम्ही समजवा तिला."

"काय समजवू?" मी म्हटलं. "मला तिचं पटलंय."

आणि आम्ही एसटी स्टँडचा रस्ता विचारला.