लाइट गेल्यावरचा ब्लोअर

"लाइट गेली की जनरेटर लोड घ्यायला काही सेकंद घेतो. तेवढ्यात तुमचा ड्राइव्ह झोपतो," मुलुंडच्या एका हॉस्पिटलचे मेंटेनन्स इंजिनीअर शांतपणे सांगत होते. आम्ही मरोळच्या आमच्या ऑफिसात बसलो होतो. आदल्या आठवड्यात ऑपरेशन चालू असतानाच ब्लोअर थांबला होता. ऑपरेशन थिएटरमध्ये ब्लोअरने गाळलेली हवा सतत आत ढकलावी लागते. ती थांबली की पॅसेजमधली हवा आत शिरते. पेशंट सुखरूप होता, पण सर्जन भडकले होते. रविवारपर्यंत दुरुस्ती करा, नाहीतर ड्राइव्ह काढून न्या, असा त्यांचा निरोप होता.

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा; आमची कंपनी तेच बनवते. त्याच्या पोटातला छोटा पॉवर सप्लाय कंट्रोल कार्डाला वीज देतो. कार्ड बंद पडलं, तर लाइट आली तरी कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत ब्लोअर उभाच.

आमचे देशपांडे सर म्हणाले, कार्डाला बॅटरी जोडून देऊ. मलाही ते पटलं. डिझाइन सुजाता कांबळे बघायची. ती आणि मी एकाच वेळी कंपनीत लागलो होतो. तिला ते मान्य नव्हतं.

"सर, बॅटरी कधीतरी मरणारच. आणि ते कळेल पेशंट टेबलावर असताना."

"मग दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

"पंखा आहे ना."

लाइट गेली तरी ब्लोअरचा जड पंखा फिरत असतो. ड्राइव्हने त्याला हलका ब्रेक लावला, की तीच मोटर वीज बनवते. ही युक्ती जुनीच. पण पंखा मंदावतो तसं व्होल्टेज उतरतं आणि तेवढ्यावर आमचा सप्लाय चालत नसे. निम्म्या व्होल्टेजवर तेवढंच काम करायचं, तर करंट दुप्पट ओढावा लागतो.

टेस्टिंग माझ्याकडे होतं. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या तिच्या नव्या सप्लायचा पहिला बोर्ड फट्‌कन उडाला. सरांचा चेहरा पडला. सुजाताने जळका पार्ट चिमट्याने काढला, भिंगाखाली बघत बसली आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायला घेतला. वायर जाड केली, कोरमधली, म्हणजे आतल्या गाभ्यातली फट वाढवली. पुन्हा तापला, पुन्हा उलगडला. मला म्हणाली, "तू फक्त टेम्परेचर वाच रे, तोंड नको पाडू." शनिवारी बोर्ड टिकला.

रविवारी थिएटर रिकामं होतं. सर्जन स्वतः आले. दाराच्या फटीशी त्यांनी टिश्यू पेपरची पट्टी धरली. आतली हवा ती बाहेर उडवत होती. मेंटेनन्सवाल्यांनी मेन स्विच पाडला. ब्लोअरचा आवाज उतरला. पट्टी खाली झुकली, पण आत वळली नाही. कार्डाचा डिस्प्ले तसाच उजळ. मग जनरेटरने लोड घेतला आणि आवाज हळूहळू चढला.

"पुन्हा करा," सर्जन म्हणाले. तसं त्यांनी बऱ्याचदा करायला लावलं. शेवटी त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? सरांनी सुजाताकडे बोट दाखवलं. ती ड्राइव्हच्या कव्हरवर हात ठेवून ताप बघत होती. सर्जननी तिला थिएटर आतून दाखवलं. कंपनीत आम्हां कुणाला तो मान मिळाला नव्हता.

तो ड्राइव्ह आजही चालू आहे आणि आता आमचे सगळे ड्राइव्ह तिच्याच सप्लायवर जातात. लाइट असतानाचं गणित आम्हां सगळ्यांना येत होतं. पॉवर सप्लाय करणाऱ्याने लाइट गेल्यावरचं गणित आधी मांडावं.