आप्पांचे डोळे चांगले होते

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज लिहितोय तेही दातओठ खाऊन — स्वतःवरच.

माझे वडील, आप्पा, देगलुरात मोडी वाचून देत. कुणाकडे जुना कागद निघाला, लेकीच्या सासरहून पत्र आलं, की माणसं आमच्या ओट्यावर यायची. कागद दोन ओळींचा, गप्पा दुपारभर. आई गेल्यावर आप्पांना तेवढीच सोबत होती.

मी निजामाच्या तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून — उर्दू शिकलेला, शेरवानी घालणारा. तरी लोक मलाच विचारायचे, "आप्पा हायेत का?" मला ते सलायचं. बापाचा मान सलावा — असा मुलगा असतो का? होता. मीच.

एकदा बाजारात मी चारचौघांना सांगितलं, "आप्पांना आता दिसत नाही. कागद माझ्याकडं आणा." मोडी मला त्यांनीच शिकवली होती.

गावानं लगेच मानलं. म्हातारा माणूस, डोळे गेले असणारच — एकानंही त्यांना जाऊन विचारलं नाही. या लोकांचा मला अजून संताप येतो. पण त्यांच्यावर चिडून माझं पाप काय कमी होतं?

आप्पा रोज ओट्यावर बसत. कुणी येत नसे. "पेरण्या चालू असतील," म्हणत. पेरण्या संपल्या. "सुगी असंल," म्हणाले. मी शेरवानी चढवून तहसिलीला निघायचो.

मग एका सकाळी शेजारगावचे माणिकराव आले, ओरडतच. "आप्पा, मी माणिक. आवाजावरून वळखलं का? डोळे गेले म्हणं तुमचे. तुमच्या लेकानंच सांगितलं बाजारात."

मी दारातच होतो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं — नीट, सरळ. मग हात हवेत चाचपत पुढे केला.

"हाव, गेले. पण वरडून नको राहू, कान हायेत अजून. बस."

मी खोटा पडू नये म्हणून ते आंधळे झाले. आणि मी होऊ दिलं. कोण अडवत होतं मला? एक वाक्य बोलायचं होतं. ओट्यावरची पोथी त्यांनी आत नेली. दार लावून वाचायचे. बाहेर निघाले की भिंत धरून चालायचे. चार वर्षं — मरेपर्यंत.

तहसिलीतून येताना ते गल्लीत दिसले, की मी लोकांदेखत त्यांचा हात धरायचो. लोक म्हणायचे, पोरगा असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो.