टेपचं दुसरं टोक

इंचसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या गल्लीत रस्त्यावर पालथे पडले होते. चक्कर आली असेल म्हणून मी पाण्याचा पेला घेऊन धावले. मान न वळवता ते म्हणाले, "बाई, पाणी खाली ठेवा आणि हे टोक धरा. तुमचीच पायरी आहे. गटारावर आली आहे."

टेपचं दुसरं टोक माझ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या शेजारणीच्या हातात होतं. वर्षभराच्या अबोल्यानंतर आम्ही बोललो, ते 'जरा ताणून धरा' एवढंच. पायरी चार इंच फोडावी लागली.

ते नगरपालिकेत बांधकाम निरीक्षक होते. माप घ्यायचं ते भांडणाऱ्या दोघांच्या हातांनी, ही त्यांची पद्धत. एकदा वाचून झालं की टोकं बदलायची, आणि दोघांचा आकडा जुळला तरच तो कागदावर चढायचा. एका मापाला कधी कधी अर्धा दिवस जाई. कचेरीत सगळे कपाळाला हात लावत.

शिलाईमावशींच्या छपराची तक्रार आली तो दिवस मी खिडकीतून पूर्ण पाहिला. रस्त्यावर दोन फुटांपर्यंतच छप्पर चालतं. जास्त निघालं आणि पाच वाजता अहवाल जाईपर्यंत कापलं नाही, तर माणसं येऊन सगळंच उतरवणार. त्याच छपराखाली मावशींचं मशीन होतं. घरात दुसरीकडे मशीन मावत नव्हतं.

तक्रार समोरच्या ड्रायव्हरकाकांची. ते स्टुलावर, मावशी शिडीवर.

"दोन फूट दोन इंच," काका म्हणाले.

टोकं बदलली. "दोन फूट," मावशी म्हणाल्या.

"बदला टोकं," इंचसाहेब म्हणाले आणि माझ्या नव्या पायरीवर बसले.

सहाव्या खेपेला काकांचा तोल गेला. म्हणजे जिभेचा. "या बाईंना इंच कळतात कुठे? माझ्या निवृत्तीच्या समारंभाची पँट दोन इंच आखूड शिवली. फोटोत माझे मोजेच दिसतात."

"भाऊ, माप देताना पट्टा पोटाखाली होता, आणि समारंभात बेंबीवर चढवलात. त्याला मी काय करू?"

इंचसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "तक्रारीत पँट नाही. पण आता माझी जेवणाची सुट्टी आहे. पँट घेऊन या."

काका घरात गेले आणि तीच पँट घालून आले. कमरेचं टोक त्यांनी धरलं, घोट्याचं मावशींनी. आधी पट्टा पोटाखाली, मग बेंबीवर. मग इंचसाहेबांनी टोकं बदलायला लावली. काकांना आपल्याच घोट्यापर्यंत वाकता येईना, तेव्हा मावशींनी खालचा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. फरक सव्वादोन इंचांचा होता.

"सव्वादोन," काका पुटपुटले.

"मान्य?"

"मान्य. पण समारंभात पट्टा वर घ्यावाच लागतो, साहेब. भाषण असतं."

मावशी पदराआड हसल्या. मग स्वतःच शिडी चढल्या, काकांना स्टुलावर चढवून टेप ताणला आणि न विचारता म्हणाल्या, "दोन फूट दोन इंच. आधीच दिसलं होतं मला."

आता आकडा जुळला होता, म्हणजे कागदावर चढणार होता. इंचसाहेबांनी पेनचं टोपण काढलं. तेव्हा सव्वातीन झाले होते.

"पत्रा कापणार कोण?" मावशींचा आवाज बारीक झाला.

काका स्टुलावरून उतरले, घरात गेले आणि पत्रा कापायची कात्री घेऊन आले. "साहेब, दोन इंच म्हणजे दोनच ना? एक रेघही जास्त कापणार नाही मी. मागाहून बोलणी कोण खाईल?" साडेचारला छप्पर बरोबर दोन फूट झालं. पँटच्या पायांशी आत दुमडून ठेवलेलं कापड मावशींनी त्याच संध्याकाळी सोडवलं.

इंचसाहेबांना निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. ते मागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या लिंबाच्या फांदीबद्दल शेजाऱ्याने तक्रार केली आहे. नवा निरीक्षक आला आणि एकट्यानेच माप घेऊन गेला. इंचसाहेबांनी अजून तो आकडा मान्य केलेला नाही.