मामीचं पाणगवत

काल नातीसाठी शोभेचे मासे घ्यायला सीताबर्डीत गेलो होतो. दुकानदाराने पाणवनस्पतींची पिशवी उघडली आणि तळ्यातल्या चिखलाचा वास आला. मला माझा मामा आठवला.

मी कॉलेजात असताना मामाने दिवाणखान्यात काचेची टाकी आणली. माशांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. सोफ्याच्या कव्हरला शोभतील म्हणून त्याने केशरी मासे निवडले. मामी मौद्याकडच्या खेड्यातली. तिने माहेरच्या तळ्यातलं पाणगवत ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं.

"मासोळ्यायले हेच लागते," ती म्हणाली.

"म्हशीले आणलं काय वं हे गवत?" मामा पाहुण्यांसमोर खिदळला. मग त्या दीडशहाण्याने प्लास्टिकची झाडं धुण्याच्या साबणाने चकचकीत घासली आणि फेसासकट टाकीत खोचली. संध्याकाळपर्यंत सगळे मासे उताणे तरंगत होते.

"मालच खराब दिला लेकाच्यानं," मामा म्हणाला. मामीने मेलेले मासे वेचले.

काल दुकानदार सांगत होता, "हे घ्या काका, माशांना हेच लागतं." अगदी तेच गवत होतं.

मामाला मी आजही मूर्ख म्हणतो. पण त्या दिवशी त्याच्या विनोदावर सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो.