सुमनची जोडीदार

"पाय दाखव."

शिबिराला येऊ पाहणाऱ्या मुलाला बाई आधी नाव विचारत नसत. पोर बावरून एक पाय पुढे करी. बाई खाली वाकून टाच दाबत, भेगा बघत, नखं वाढलेली असली तर तिथल्या तिथे कापायला लावत. मग कंबर धरून उठत आणि म्हणत, "हं. आता नाव सांग."

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी कर्जतच्या शाळेत नवीनच लागले होते आणि बाई तिथल्या जुन्या. दर मे महिन्यात त्या मुलांचं शिबिर काढत. मुक्कामाचं नव्हे. सकाळी निघायचं, दिवसभर रानात झाडं-पाखरं बघायची आणि दिवेलागणीच्या आत घरी. एकदा एक शेतकरी पालक म्हणाले, "रानात काय बघायचं हाय, बाई? आमची पोरं रानातच वाढलीत."

"वाढलीत हो," बाई म्हणाल्या, "पण बघितलंय कुठे त्यांनी ते?"

त्यांच्या शिबिरापेक्षा शिबिराची तयारी मोठी. आधीचा आठवडाभर शाळेच्या अंगणात मुलं रोज जमत. पाणी घोटाघोटाने प्यायचं. पाखरू दिसलं की ओरडायचं नाही, शेजाऱ्याला कोपराने खुणवायचं. प्रत्येकाला एक जोडीदार. तो दिसेनासा झाला तर मात्र बेंबीच्या देठापासून ओरडायचं, लाजायचं नाही. आणि भर उन्हाळ्यात प्रत्येकाने घरून एक चादर आणायची.

ही चादर माश्यांसाठी. कोंडाण्याच्या लेण्यांवर, वरच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असत. बाई बोलता बोलता मध्येच "माश्या!" म्हणून ओरडत आणि सगळ्या पोरांनी चादर ओढून जमिनीवर पालथं पडायचं. बाई त्या गाठोड्यांमधून फिरत. "तू हललास. तुला चावल्या." कुंपणापलीकडून जाणारे लोक थांबून हसत. मीही पदराआड हसत असे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना आपण हास्यास्पद दिसतो याचं काहीच वाटत नाही.

सगळ्यांत आधी जमिनीवर पडायची ती बाईंची स्वतःची मुलगी. तिची जोडीदार दरवर्षी सुमन. सुमनचं घर शाळेच्या मागेच, भातशेतीच्या कडेला. दोघी सारख्या वयाच्या, दोघींचे दात एकदमच पडलेले.

एका वर्षी फेब्रुवारीत बाईंची मुलगी तापाने गेली. पनवेलला न्यायचं ठरेपर्यंत सगळं संपलं होतं. बाईंचे यजमान आधीच गेलेले. घरात त्या दोघीच होत्या, आता एकट्या बाई उरल्या.

दिवसकार्य झाल्यावर बाई शाळेत आल्या. आम्ही शिक्षिका त्यांच्याभोवती जमलो. त्या रडतील, मग आपण काय बोलायचं, हे प्रत्येकीने मनाशी ठरवलं होतं. बाईंनी विचारलं, "खडू आलेत का नवे?" आणि त्या वर्गावर गेल्या. पुढचे दोन महिने तसेच गेले. त्या पाढे म्हणवून घेत, डबा उघडून थोडं खात, थोडं परत नेत. आवाज पूर्वीचाच होता, फक्त त्यात चढ-उतार नव्हता.

शिबिर होणार नाही असं सगळ्यांनी धरलंच होतं. एप्रिलच्या शेवटी बाई मला म्हणाल्या, "सोमवारपासून तयारी. तू येशील ना सोबतीला?"

जोड्या लावायच्या दिवशी सुमन एकटीच उरली. ती आपल्या जागेवर उभी होती आणि शेजारी एका मुलीपुरती जागा तिने मोकळी ठेवली होती.

"बाई, मी कोणासंगं?" मग हळूच, "ती आता कधीच येनार नाय ना?"

मी पुढे होणार, तोच बाई म्हणाल्या, "नाही येणार. तू माझ्याबरोबर." आणि त्याच आवाजात त्यांनी पुढच्या जोडीला हाक मारली.

कोंडाण्याला गेलो त्या दिवशी दुपारी मुलं लेण्यांच्या खाली, झाडीत भाकऱ्या खायला बसली होती. शहरातून सहलीला आलेल्या काही लोकांनी वर कड्यालगत चूल मांडली होती. धूर सरळ मोहोळांना लागला. आधी आवाज आला, मोठी मोटार दुरून चढण चढत यावी तसा.

बाई एकच शब्द ओरडल्या. पोरं धडाधड पालथी पडली. मीही पडले. चादरीच्या फटीतून मला दिसलं, सुमन उभीच होती. करवंदं बांधून तिने आपली चादर ओढ्यावर ठेवली होती. बाईंनी स्वतःची चादर तिच्यावर टाकली, तिला खाली दाबलं आणि वरून आपण आडव्या झाल्या, उघड्या पाठीने.

"कोणी उठायचं नाही," त्या सांगत होत्या. "कोणी हलायचं नाही." वर्गात सांगावं तशा.

आवाज विरला तेव्हा दोघा-तिघा मुलांच्या बोटांना डंख होते, एवढंच. बाईंची मान, कान, हात माश्यांच्या काट्यांनी भरले होते. खालच्या गावात एका घराच्या पडवीत त्यांना बसवलं. मी नखाने एकेक काटा खरवडून काढू लागले.

"फार दुखतंय?"

"नाही."

"बाई, खरं सांगा."

"अगं, खरंच. मला काही कळतच नाहीये. फेब्रुवारीपासून." नळाला पाणी नाही म्हणून सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. "तू मुलांकडे बघ. त्यांना गूळ-पाणी दे."

रात्री त्यांना ताप भरला. डॉक्टर येऊन गेले. तिसऱ्या दिवशी मी खिचडी घेऊन गेले, तर सुमन आणि तिची आई आधीच आलेल्या. आई दाराशी बसून म्हणत होती, "तुमी नसत्या तर माजी पोर..." आणि दरवेळी तिथेच अडत होती.

सुमन बाईंच्या गादीला टेकून बसली होती. बाईंचा सुजलेला हात तिने मांडीवर घेतला आणि त्यात खळी पडते का ते बघायला बोटाने दाबला.

"आई गं!" बाईंनी हात ओढून घेतला.

सुमन घाबरली. "मी मुद्दाम नाय केलं."

बाई हाताकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुखलं." त्यांनी हात पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला. "दाब परत."

सुमनने आईकडे पाहिलं, मग अगदी हळू दाबला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि येतच राहिलं. सुमनची आई उठली, माझ्या हातातली खिचडी घेऊन गरम करायला आत गेली.

आता त्या घरात राहवत नाही म्हणून जूनमध्ये बाईंनी स्वतःहून खालापूरच्या बाजूला बदली मागून घेतली. शिबिर बंद पडलं.

पुढे काही वर्षांनी मी एसटीने चालले होते. खालापूरकडच्या कुंभिवली गावाजवळ ट्रकांच्या रांगेमुळे गाडी रेंगाळली. रस्त्याच्या कडेला, मिटलेल्या छत्रीवर भार देऊन बाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले. मी खिडकीतून "बाई!" म्हणून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, पण हाक कुठून आली ते न कळून माझ्या खिडकीकडे नाही, दोन खिडक्या मागे. गाडी सुटली. बाईंनी तिकडेच बघत हात हलवला. मी वळून पाहिलं. मागच्या खिडकीतल्या एका अनोळखी माणसानेही, काय वाटलं कोण जाणे, हात बाहेर काढून त्यांना उत्तर दिलं.